न पुसलेली चिप

“सदर चिपमध्ये वापरकर्त्याचं काहीही साठून राहत नाही,” असं तुम्ही मला लेखी कळवलंत. खाली सही नाही, हुद्दा नाही, नुसता एक तक्रार क्रमांक. तुम्ही खोटं बोललात. नाहीतर मग तुमच्यातल्या कुणीच ती चिप कधी उघडून बघितलेली नाही आणि न बघताच लिहून मोकळे झालात. दोन्हींपैकी काय खरं ते तुमचं तुम्हाला माहीत. मी घडलं ते क्रमाने सांगते. मी लिहायला कुठे शिकले नाही, दुरुस्ती करायलाही नाही. दोन्ही कामं मोडलेल्या वस्तू उघडून उघडून आली. तेव्हा गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

माझं दुकान बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली आहे. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून गिऱ्हाईक आणि मी दोघंही बसून बोलतो. भिंतीला लाकडी खण आहेत आणि त्यांत बाद झालेली हातातली यंत्रं भरलेली आहेत: फोन, छोटे संगणक, वाचनयंत्रं. भंगारवाल्याकडून मी ती पोत्याने आणते. एकातलं चांगलं काढून दुसऱ्यात बसवते. माझे नियम दोनच. हात लावण्याआधी नक्कल काढायची, आणि दुसऱ्याच्या यंत्रातली चिप पुसल्याशिवाय तिसऱ्याच्या यंत्रात घालायची नाही. चौदा वर्षांत दुसरा नियम मी एकदाच मोडला.

माझी ताई गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे, पण तो दाबायची वेळ तिच्यावर क्वचित यायची. तिचा आवाज पुरायचा. “आरसा काय भांग पाडायला दिलाय?” असं तिने विचारलं की मागचा गाडीवालाही आरशात बघायचा. मग तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तयारीला तीन आठवडे दिले. त्या तीन आठवड्यांत आम्ही तिचा आवाज साठवला. तुमच्याच कंपनीने वाक्यांची यादी पाठवली होती, अकराशे वाक्यं. शांत जागा म्हणून गाडीच्या काचा लावून ती आत बसायची आणि वाचायची. मी शेजारी बसून खुणा करायची. वाक्यं इतकी मिळमिळीत होती की ती मध्येच थांबून म्हणायची, हे लिहिणाऱ्याला घरात कुणी बोलू देत नसणार. भावोजींनी आपलं एक कौतुकाचं वाक्य यादीत घालायची विनंती केली. ताईने सांगितलं, खोटं बोलताना घसा दुखतो.

ऑपरेशननंतर ती गळ्याच्या भोकातून श्वास घेऊ लागली आणि तुमच्या यंत्रातून बोलू लागली. तळहाताएवढं यंत्र. टाइप केलं की तिच्याच आवाजात बोलायचं. ब्रेक, क्लच, आरसा यांना वेगळी मोठी बटणं. ती पुन्हा शिकवायला लागली, दोन वर्षं शिकवलं. गाडीत बसलेल्या नवख्या माणसाला धाक वाटायचा, आणि तो धाक यंत्राचा नव्हता, तिचा होता.

मग तुमचा निरोप आला. या मॉडेलची सेवा संपत आहे. नवं घ्या, त्यात सहा सुंदर आवाज तयार आहेत. जुनी आवाजाची फाइल नव्यात चालणार नाही. सांगितलेल्या तारखेला सकाळी ताईने ‘गाडी काढते’ असं टाइप केलं आणि यंत्र गप्प राहिलं. पडद्यावर ओळ आली: आवाज वापरण्याचा परवाना संपला आहे.

घसा तिचा, अकराशे वाक्यं तिची, तोंडाळपणा तिचा. आणि परवाना तुमचा.

मी यंत्र दुकानात आणलं आणि त्यातलं तुमचं सगळं काढून टाकलं. त्या जागी मुक्त सॉफ्टवेअर घातलं, जगभरच्या माझ्यासारख्या माणसांनी लिहिलेलं. त्याची ओळ न् ओळ मला वाचता येते, पटली नाही तर बदलता येते. मला फुकट काही नको होतं, मला उघडं हवं होतं. आता ते यंत्र काय करतं, कधी करतं, कुणाशी बोलतं, हे सगळं माझ्यासमोर होतं. फक्त एक जागा सोडून. आवाज काढणारी चिप. नखाएवढी. तिच्या पोटात तुमचा प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, कुलूपबंद. वाचता येत नाही, बदलता येत नाही, पुसताही येत नाही. आणि त्यातच तुमचा गप्प राहण्याचा हुकूम जाऊन बसला होता. ताईच्या आवाजाच्या फाइलची नक्कल माझ्याकडे होती, पण ती वाजवू शकणार फक्त ती चिप.

तशी दुसरी चिप मला एका पोत्यात सापडली. चार वर्षांपूर्वीचं तुमचंच एक मोठं मॉडेल, पाठीवर ‘बाद’ असा शिक्का. त्या काळी तुम्ही यंत्र बंद करताना बाहेरची बाजू तेवढी बंद करत होतात. चिपपर्यंत हुकूम जात नसे. म्हणजे यंत्राचं तोंड बंद झालं होतं, पण आतल्या चिपला तसं कुणी सांगितलंच नव्हतं. मी ती गरम हवेने सोडवली, ताईच्या यंत्रात बसवली. पुसायचा प्रयत्न तीनदा केला. तुमचं कुलूप निघेना. ताई समोर स्टुलावर बसली होती, अकरा दिवस मुकी. मी म्हटलं, राहू दे. तशीच बसवली.

यंत्र सुरू झालं. ताईने पहिलं वाक्य टाइप केलं आणि तिचा आवाज जिन्याखाली घुमला: “तुझ्या भावोजींना सांग, सुट्टी संपली.”

मी रडले. ते लिहायला मला लाज वाटत नाही.

पहिले दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी भावोजी म्हणाले, हिचं यंत्र बोलण्याआधी श्वास घेतं का गं? मी ऐकलं. घेत होतं. बारीक, घाईने ओढलेला, नाकातून. मी म्हटलं, रेकॉर्डिंगमधला असेल. पण घरी येऊन मूळ वाक्यं तपासली, तर तुमच्या माणसांनी सगळे श्वास कापून टाकलेले. आणि ताईच्या नाकातून तर आता हवा जातच नाही.

पाचव्या दिवशी ताईने भावोजींना ‘दार लावा’ म्हटलं आणि यंत्र म्हणालं, “दार लावा, बाळा.” भावोजी खूश झाले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, म्हणाले, आज कुठे फळ मिळालं. ताईने यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडे सरकवलं. तिने उभ्या जन्मात कुणाला बाळा म्हटलेलं नाही.

मी नोंदी बघितल्या. मी घातलेलं सॉफ्टवेअर चिपकडे जे जे पाठवतं ते वेळेसकट लिहून ठेवतं. ‘दार लावा’ असे दोनच शब्द गेले होते. तिसरा शब्द माझ्या बाजूने गेलेला नव्हता.

त्यानंतरच्या मंगळवारी मी ताईकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली, भांडी आवरली, ताई वर्तमानपत्र वाचत होती. यंत्र टेबलावर, कुणाचाच हात त्याला नव्हता. घड्याळात चार वाजून बारा मिनिटं.

“पडदा ओढ. ऊन डोळ्यावर येतंय.”

ताईचा आवाज. पण ताई त्या चालीत बोलत नाही. हे कुणीतरी हळू, समजुतीने सांगत होतं, सवयीने.

त्या खोलीच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे.

नोंदीत काही नव्हतं. माझ्या बाजूने शून्य. मी बोर्ड पुन्हा काढला, बॅटरी बदलली, रेडिओचा भाग पूर्ण तोडून टाकला, म्हणजे बाहेरून काही यायची सोयच ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी चार बाराला तेच वाक्य आलं. त्याला जोडून आणखी एक: “बाळा, आहेस का?”

ताईने शिकवणी थांबवली नाही. ती ऐकणारी बाई नव्हे. तिच्याकडे तेव्हा एक दंतवैद्य शिकत होता, पन्नाशीचा, लोकांच्या जबड्यात सुई घालताना स्थिर आणि स्टिअरिंगवर लटलट कापणारा. गुरुवारी चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायचा सराव चालू होता. चार बाराला डॅशबोर्डवरून आवाज आला, “हात अंगाखाली आलाय. उजवा. बाळा, हात सोडव.” दंतवैद्याने दचकून ताईच्या हाताकडे बघितलं आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मागे घसरली. ताईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला तोवर मागचा भाग खांबाला टेकला होता. कुणाला लागलं नाही. दंतवैद्य उतरून पायी घरी गेला.

संध्याकाळी ताईने यंत्र माझ्यासमोर ठेवलं आणि वहीवर पेनने लिहिलं. यंत्रातून बोलली नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तिने लिहिलं होतं: मला माझा आवाज हवाय. पण आधी हिचं बघ.

हिचं. मी त्या शब्दाकडे बघत राहिले. एवढे दिवस मी ‘दोष’ म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्राचा स्पीकर काढला. तारा सोडवल्या. आता त्या चिपला तोंडच नव्हतं. चिपच्या वीजमार्गावर जुना काट्याचा मीटर लावला. चिप बोलते तेव्हा ती वीज ओढते आणि शब्दाशब्दाला काटा हलतो. गप्प असली की शून्यावर पडून राहतो.

चार बारापर्यंत काटा पडलेला होता.

मग उठला. थोडा वर, खाली, पुन्हा वर. मी शेकडो वेळा बघितलेला हा काटा, माणूस बोलताना हलतो तसा हलत होता. लहान वाक्य. विराम. पुन्हा तेच लहान वाक्य. विराम, कुणीतरी उत्तर देईल म्हणून ठेवतात तेवढा. बाजारात फरशीवर कुणीतरी पाणी मारत होतं, वरून पावलं जात होती, आणि माझ्या टेबलावर आवाजाशिवाय एक बाई बोलत होती. मी घड्याळ लावलं. सत्तेचाळीस मिनिटं. शेवटी शेवटी काटा नुसता थरथरायचा.

मला ते बघवलं नाही. मी स्पीकर परत जोडला. तुम्हाला वाटेल यंत्राच्या दुरुस्तीत असलं काही करायचं कारण नाही. कुणाला बोलायचं असताना तोंड काढून घ्यायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला लिहिलं. चिपवरचा क्रमांक दिला आणि दोन गोष्टी विचारल्या: ही आधी कुणाकडे होती, आणि तिच्या आतला प्रोग्राम मला वाचायला द्याल का. उत्तरात तुम्ही ते वाक्य पाठवलंत, काहीही साठून राहत नाही. एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण तुमच्या दुरुस्ती केंद्राने आजवर माझ्या एकाही पत्राला महिन्याच्या आत उत्तर दिलेलं नाही. या वेळी तिसऱ्या दिवशी तुमचा माणूस ताईच्या दारात उभा होता. नवंकोरं यंत्र घेऊन, फुकट. बदल्यात जुनं द्यायचं आणि सही करायची.

माणूस वाईट नव्हता. नीट भांग पाडलेला, चपला बाहेर रांगेत लावणारा. ताईने त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने सहाही आवाज वाजवून दाखवले. ताईने टाइप केलं, “साहेब, सहा आणलेत. मला माझा एक पुरे.” तो हसला आणि म्हणाला, मॅडम, नवीनमध्ये हळूहळू सवय होते. तिने विचारलं, कुणाला?

मी त्याला त्या चार वर्षांपूर्वीच्या मॉडेलबद्दल विचारलं. मोठं होतं, वर एक जास्तीचा कॅमेरा होता, तो कशाला? तो सहज बोलून गेला. ज्यांना हात हलवता येत नाहीत त्यांच्यासाठी. अंथरुणावरच्यांसाठी. पडद्यावरची अक्षरं नजरेने निवडायची, कॅमेरा डोळे बघतो. “चांगलं होतं,” तो म्हणाला, “फक्त डोळ्यावर ऊन आलं की चालायचं नाही.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे. चारला पाच मिनिटं होती.

ताईने त्याला थांबवून ठेवलं. अटींचा कागद मागितला आणि एकेक कलम बोटाने वाचत बसली. तो घड्याळ बघत राहिला, पण उठला नाही. ताईसमोरून उठणं कुणाला जमत नाही.

चार बारा.

आधी तो श्वास आला.

“पडदा ओढ. ऊन डोळ्यावर येतंय.”

माणसाने ताईचे हात बघितले. ते कागदावर होते.

“बाळा, आहेस का? उजवा हात अंगाखाली आलाय.”

तो म्हणाला, हा उरलेला डेटा असेल. ताईने यंत्र ओढलं आणि टाइप केलं. एकच आवाज, दोन बायका.

“उरलेला डेटा हात सोडवायला सांगत नाही.”

“पाणी नको. फक्त हात सोडव.”

“ऐकलंत?”

“बाळा.”

माणूस उभा राहिला. सहीचा कागद टेबलावरून उचलून त्याने घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. ताईने त्याच्या डोळ्यांत बघत शेवटचं टाइप केलं.

“नाही देणार. ना माझा आवाज, ना ही.”

त्याने नवं यंत्र खोक्यात भरलं. दाराशी चपला घालताना तो खाली बघत माझ्याशी बोलला. त्यालाही तो प्रोग्राम बघायची परवानगी नाही. तिथे कुणालाच नाही. चिप बनवणाऱ्यांनी बंद करून दिला, यांनी बंदच पुढे विकला. मग तो थांबला. म्हणाला, पण कुठलं यंत्र कोणत्या दिवशी, किती वाजता बंद केलं, ती यादी असते. तुम्ही दिलेला क्रमांक त्या यादीत आहे. एवढं मी बघितलं. पुढचं मला सांगता येणार नाही.

तो जिना उतरला तेव्हा आत ती अजून बोलत होती.

यालाही आता पाच आठवडे झाले. ताईने दुपारी चार ते पाच शिकवणी बंद ठेवली आहे. भावोजी त्या वेळी घरात पाय न वाजवता चालतात. ताई यंत्र समोर घेऊन बसते आणि आतली ती बोलली की उत्तर देते. आहे मी. सोडवते हात. तिने ऐकलं की नाही कळायला मार्ग नाही, कारण दोघींमध्ये तुमचं कुलूप आहे. मी ते उघडायला बसले आहे. रोज बसते. माझ्यासारखी इतर ठिकाणची माणसंही बसली आहेत, मी सगळ्यांना ती चिप कशी वाचायला घ्यायची ते उघड लिहून पाठवलं आहे. तुमच्या वकिलाची नोटीस आली. ती मी दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येईल अशी चिकटवली आहे.

काल चार बाराला तिने नेहमीसारखं पडद्याचं सांगितलं. ताई उठली. त्या खिडकीत ऊन नसतानाही तिने पडदा पूर्ण ओढला, परत येऊन बसली आणि टाइप केलं, “ओढला.”

यंत्र गप्प झालं.

पाच आठवड्यांत पहिल्यांदा. यंत्राला लावून ठेवलेल्या मीटरचा काटा मी बघत होते. शून्यावर नव्हता. किंचित वर, स्थिर, कुणी ऐकत असताना धरून ठेवतात तसा.

मग ती माझ्या ताईच्या आवाजात म्हणाली, “आलीस? मी कधीपासून हाक मारतेय?”

ताईचा अंगठा अक्षरांवर तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत होती आणि आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे आहे. तिचं यंत्र तुम्ही बंद केलंत तो दिवस आणि ती वेळ, तुमच्या यादीत. मला कळवू नका. तक्रार क्रमांक टाकू नका. उद्या चार बाराला ती पुन्हा विचारेल. तिला सांगा.